‘जुळवून घ्या’ : एका क्रियापदाचा हिशेब



क्रियापदांवर बोलण्यासाठी वसंत व्याख्यानमालेत एखादा भाषापंडित उभा राहायला हवा होता, कामगार संघटनेचा कार्यकर्ता नव्हे, असे कोणाला वाटले तर मी ते मुळीच चुकीचे मानणार नाही. माझी शाळा सातवीत सुटली. इंग्रजी शिकलो ते कारखान्याच्या सूचनाफलकासमोर, खिशात शब्दकोश बाळगून. काही वर्षांपूर्वी अशाच एका फलकावर पाळ्या बदलल्याची नोटीस लागली. दुसरी पाळी सुटणार होती ती शेवटची एस. टी. निघून गेल्यावर. नोटिशीच्या शेवटी लिहिले होते की, कामगारांनी नव्या वेळेशी ‘अ‍ॅडजस्ट’ व्हावे. त्या रात्री मी तो शब्द कोशात काढून पाहिला.

इंग्रजीत या कुळातली क्रियापदे पुष्कळ आहेत. ‘अ‍ॅडॅप्ट’ हे लॅटिनमधले. नेमके बसणारे, योग्य, अशा अर्थाच्या शब्दापासून झालेले. ‘अ‍ॅकॉमोडेट’च्या पोटात सोय आहे. ‘अ‍ॅडजस्ट’ फ्रेंचातून आले आणि त्याचा मूळ अर्थ जवळ आणणे, जोडणे. पुढे लोकांना त्यात न्याय या अर्थाचा ‘जस्ट’ दिसू लागला. लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की, हे क्रियापद आधी सकर्मक. फिटर पट्ट्याचा ताण अ‍ॅडजस्ट करतो. विमावाला दावा अ‍ॅडजस्ट करतो. जुळवणारा एक आणि जुळवायची वस्तू दुसरी. माणसाने स्वतःच परिस्थितीशी अ‍ॅडजस्ट होणे हा मागाहूनचा प्रयोग.

आपण त्याचे मराठी करतो ‘जुळवून घेणे’. मराठीत क्रियापदाला ‘घेणे’ लागले की फळ कर्त्याच्या पदरात पडते : जेवून घ्या, मोजून घ्या. ‘देणे’ लागले की ते दुसऱ्याला मिळते : लिहून द्या, बांधून द्या. आता मला सांगा, ‘जुळवून घ्या’ म्हणून ज्याला सांगतात, त्याच्या पदरात काय पडते? आणि ‘जुळवून द्या’ असे मालकाला कोणी सांगितल्याचे आपण ऐकले आहे काय?

हा प्रश्न आपल्या मुळशीने शंभर वर्षांपूर्वीच विचारला होता. नीला आणि मुळा यांच्या संगमाजवळ धरण बांधून ते पाणी सह्याद्रीच्या कड्यावरून खाली कोकणात सोडायचे आणि त्यावर मुंबईसाठी वीज काढायची, अशी टाटा कंपनीची योजना होती. १८९४ चा भूसंपादन कायदा सरकारच्या हाती होता. ‘सार्वजनिक हेतू’ एवढे शब्द उच्चारले की जमीन घेता येई. कसणाऱ्याची संमती विचारण्याची गरज त्या कायद्याला वाटत नव्हती. आंबेमोहोर पिकवणारी खाचरे आणि सुमारे पन्नास गावे यांवर संकट आले. १६ एप्रिल १९२१, रामनवमीच्या दिवशी, मावळे धरणाच्या कामावर जाऊन बसले. ‘जान किंवा जमीन’ ही त्यांची घोषणा. सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे पुढे होते.

पुढे त्या लढ्यात फूट पडली. कागदोपत्री जमिनीचे मालक असलेले पुण्याचे अनेक सावकार भरपाईला राजी झाले. रक्कम मिळाली की त्यांचे जुळत होते. कुळाचे जुळणार कशाशी? त्याला नांगर धरायला खाचरच उरणार नव्हते. कुळे आणि बापट १९२४ पर्यंत झुंजले, तुरुंगात गेले, आणि हरले. धरण झाले. १९२७ साली भिऱ्याचे वीजघर सुरू झाले.

मुंबईच्या कामगाराचे मात्र या काळात भले झाले असेल, असे समजू नका. १९२८ साली गिरणीमालकांनी नवी पद्धत आणली : दोन माग चालवणाऱ्याने तीन चालवावेत. हेही जुळवून घेणेच. एप्रिल ते ऑक्टोबर सुमारे दीड लाख कामगार संपावर होते. अखेर चौकशी समिती मान्य झाली आणि तडजोड झाली. ‘तडजोड’ हा शब्द मला फार मोलाचा वाटतो. तिला दोन पक्ष लागतात. एकट्याने करायची तडजोड म्हणजे शरणागती.

परंतु आमच्या चळवळीचा हिशेबही इथेच मांडला पाहिजे. त्याच काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी विचारले की, जास्त मजुरीच्या विणकाम खात्यात अस्पृश्य कामगारांना प्रवेश का नाही? कारण असे की, धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि सवर्ण विणकराला तो विटाळ वाटे. मालकाने तिसरा माग दिला तेव्हा संप करणारा कामगार आपल्या शेजारच्या कामगाराला मात्र ‘जुळवून घे’ म्हणत होता. हे विसरून संघटनेचा इतिहास सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल.

१८९४ चा कायदा जाऊन २०१३ चा आला. खाजगी कंपनीसाठी जमीन संपादन करायची तर आता बाधित कुटुंबांपैकी ऐंशी टक्के कुटुंबांची संमती लागते, आणि पुनर्वसन हा शब्द कायद्याच्या नावातच आहे. मुळशीच्या कुळांना तो लाभला नाही. पण संमतीचा जो प्रश्न त्यांनी १९२१ साली उभा केला, तो आज कायद्यात आहे. हरलेल्या लढ्यांचे असेही एक देणे असते. आज याच तालुक्यात हिंजवडी आहे, पिरंगुटचे कारखाने आहेत. तिथे कामाला जाणाऱ्या मुलामुलींच्या हाती इंग्रजी करार येतात. त्यांना माझे एवढेच सांगणे आहे : सही करण्यापूर्वी क्रियापद शोधा, आणि त्याचा कर्ता कोण ते पाहा.

त्या नोटिशीचे काय झाले, हे आपण विचाराल. आम्ही व्यवस्थापनाला पत्र दिले की, ‘अ‍ॅडजस्ट’ हे सकर्मक क्रियापद आहे, तेव्हा पाळीची वेळ अ‍ॅडजस्ट करावी. दोन बैठका झाल्या. पाळी अर्धा तास आधी सुटू लागली. त्याबदली जेवणाची सुट्टी दहा मिनिटांनी कमी करायला आम्ही कबूल झालो. थोडे त्यांनी दिले, थोडे आम्ही दिले. शेवटची एस. टी. आता मिळते.