एम्सचा सर्व्हर ठप्प होतो तेव्हा

मंगळवार, 22 नोव्हेंबर 2022, रात्र
नवी दिल्लीतल्या अन्सारी नगरात, एम्सच्या आसपासच्या फुटपाथांवर नेहमीप्रमाणे बिहार-उत्तर प्रदेशातून आलेले पेशंट पथारी टाकून आहेत. सकाळी ओपीडीची रांग धरायची आहे. त्यांची नोंदणी, बिलं, तपासण्यांचे रिपोर्ट, सारं ई-हॉस्पिटल या प्रणालीवर चालतं.

बुधवार, सकाळी 7 च्या सुमारास
रिपोर्ट उघडेनात. नोंदणी अडली, बिलिंग अडलं.

दुपार
काउंटरवर कागद-पेन आलं. सर्व्हर पाहणाऱ्यांना रॅन्समवेअरची, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या हल्ल्याची, शंका आली. फाइली जागच्या जागी आहेत, पण कुणीतरी त्या एन्क्रिप्ट करून ठेवल्यात.

अशा वेळी पहिला प्रश्न येतो तो दुसऱ्या प्रतीचा. अनेक सर्व्हरवर फाइली एकाच वेळी ठेवणारं रिअल टाइम रेप्लिकेशन डिस्क जळाली की खरोखर तारतं. दुसरा सर्व्हर लगेच काम उचलतो. पण त्याला चांगला बदल आणि वाईट बदल यांतला फरक कळत नाही. डॉक्टरांनी लिहिलेला रिपोर्ट जसा क्षणात पलीकडे जातो, तशीच हल्लेखोराने एन्क्रिप्ट केलेली फाइलही जाते, आणि पलीकडची चांगली प्रत पुसली जाते. आरशाला तिजोरी समजण्याची ही चूक आपल्याकडे सर्रास होते.

संध्याकाळी 7.30
सेवा हातानेच चालू असल्याचं एम्सने कळवलं.

गुरुवार, 24 नोव्हेंबर
भरती, डिस्चार्ज, बदली हातानेच करा, असे आदेश निघाले. तातडीचेच नमुने लॅबला पाठवायचे, तेही फॉर्म भरून. जन्म-मृत्यूचे दाखलेसुद्धा हाताने. ज्याच्या घरी मृत्यू झाला त्याला या कागदासाठी किती थांबावं लागलं असेल, याचा हिशेब कुठल्याच अहवालात येत नाही.

शुक्रवार, 25 नोव्हेंबर
दिल्ली पोलिसांनी खंडणी आणि सायबर दहशतवादाचा गुन्हा नोंदवला.

पुढे संसदेत माहिती आली: 5 सर्व्हर बाधित, सुमारे 1.3 टेराबाइट डेटा एन्क्रिप्ट. नेटवर्कचे विभाग नीट वेगळे केलेले नव्हते. एक बॅकअप सर्व्हर मात्र वाचला होता. त्यावरून ई-हॉस्पिटलचा सगळा डेटा नव्या सर्व्हरवर आणला, असं तेव्हाच्या आरोग्य राज्यमंत्री डॉ. भारती पवार यांनी लोकसभेत सांगितलं. नोंदणी, भरती, डिस्चार्ज यांसारखी बहुतेक कामं सुरू व्हायला दोन आठवडे गेले.

आपल्या इस्पितळात, बँकेत, कार्यालयात एकदा विचारा: नेटवर्कपासून तोडून ठेवलेली प्रत आहे का, आणि तिच्यावरून डेटा परत आणून शेवटचं कधी पाहिलं होतं?