जो चमचा वापरला गेला, तो उरला नाही

वेल्समध्ये कार्डिफजवळ सेंट फॅगन्स इथे राष्ट्रीय इतिहास संग्रहालय आहे. तिथल्या एका लाकडी चमच्यावर १६६७ हे साल कोरलेलं आहे. तारीख असलेल्या वेल्श ‘लव्हस्पून’पैकी हा सर्वांत जुन्यांतला. तरुणाने लाकडाच्या एकाच तुकड्यातून चमचा कोरायचा, दांड्यावर साखळी, चाक, किल्ली, पिंजऱ्यातला गोळा असं काही काढायचं आणि आवडत्या मुलीला द्यायचा, अशी ती प्रथा. (चाक म्हणजे ‘तुझ्यासाठी कष्ट करीन’, अशा अर्थांच्या याद्या आज सगळीकडे मिळतात. त्या थेट १७व्या शतकाला लावायला मी तरी धजावणार नाही.)

आता तुमच्यापैकी जे पेटच्या किंवा सिनॉप्सिसच्या तयारीत आहेत, त्यांनी एक कल्पना करून बघा. तुम्ही अशा संग्रहातले सगळे जुने चमचे तपासले, नक्षी मोजली आणि लिहिलंत, ‘त्या काळी वेल्समधले लाकडी चमचे नक्षीदार असत.’ नमुने खरे आहेत, मोजणी बरोबर आहे, तरी वाक्य चुकीचं आहे.

कारण रोजचा चमचा वेगळाच होता. मांस-भाज्यांचं पातळ कालवण, ज्याला तिथे ‘काउल’ म्हणतात, ते लाकडी वाडग्यातून लाकडी चमच्याने खायचे. चमचा साधा, खोलगट, ओठाला न भाजणारा. तो करायला सिकॅमोरचं लाकूड पसंत केलं जाई. इथे एक खड्डा आहे, त्यात मी स्वतः पडलोय. बायबलमधलं सिकॅमोर आपल्या उंबराच्या कुळातलं. ब्रिटनमधलं सिकॅमोर मात्र मेपलच्या प्रजातीतलं, एसर स्यूडोप्लॅटॅनस. शब्दकोशावर विसंबलात तर वेल्समध्ये उंबर लावून मोकळे व्हाल! दुसरा गोंधळ ‘हार्डवुड’ या शब्दाचा. त्याचा अर्थ टणक लाकूड असा नाही. आवृतबीजी झाडाचं लाकूड एवढाच आहे. कापसासारखं हलकं बाल्साही हार्डवुडच.

मग हार्डवुडच हवं तर ओक का नाही? ओकमध्ये टॅनिन भरपूर, चव उतरते. शिवाय त्याच्या वसंतात तयार झालेल्या वाहिन्या नुसत्या डोळ्यांना दिसतील एवढ्या मोठ्या. त्यात अन्न अडकतं. सिकॅमोरच्या वाहिन्या बारीक आणि वलयभर विखुरलेल्या, त्यामुळे पृष्ठभाग गुळगुळीत होतो आणि अन्नाला वासही लागत नाही. हे कुणी सूक्ष्मदर्शकाखाली बघून ठरवलेलं नव्हतं, जिभेनं ठरवलेलं होतं.

काम ओल्या लाकडावर चाले. ओंडका करवतीने न कापता पाचर मारून फाडायचा. फाडताना चीर तंतूंच्या दिशेने जाते, म्हणून दांडा पुढे मोडत नाही. मग कुऱ्हाडीने ढोबळ आकार तासायचा आणि ‘टुका कॅम’ने पोकळी काढायची. ‘कॅम’ म्हणजे वाकडा. लांब दांड्याची, वाकवलेल्या पात्याची ही सुरी. ओलं लाकूड मऊ कापलं जातं. पण ओलावा साधारण ३० टक्क्यांच्या खाली गेला की लाकूड आकसायला लागतं, आणि वलयांच्या कडेने ते त्रिज्येच्या दिशेपेक्षा जवळपास दुप्पट आकसतं. म्हणून अख्खा ओंडका वाळताना तडकतो. चमच्याची भिंत पातळ, ती बहुधा निभावून जाते.

ही पद्धत आपल्याला कळते ती चमच्यांपेक्षा माणसांमुळे. जे. जेरेंट जेंकिन्स यांनी विसाव्या शतकात काम करत असलेल्या कारागिरांची हत्यारं आणि पायऱ्या नोंदवल्या. त्यांचं ‘ट्रॅडिशनल कंट्री क्राफ्ट्समेन’ १९६५चं. अर्थात १९६५ची नोंद म्हणजे १६६७ नव्हे, हे अंतर तुम्हालाच भरून काढावं लागतं.

साधे चमचे गेले कुठे? झिजले, चिरले, आणि चुलीत गेले. आपल्याकडे तुटलेली रवी बंबात जायची, तसंच. लव्हस्पून भिंतीवर टांगले गेले म्हणून राहिले. पुण्याच्या केळकर संग्रहालयातले देखणे अडकित्ते बघताना हाच विचार मनात येतो: ज्याने रोज सुपारी कातरली, तो साधा अडकित्ता कुठाय?

कधी कधी नशीब साथ देतं. ‘मेरी रोझ’ हे इंग्लिश युद्धनौकेचं नाव. ती १५४५मध्ये बुडाली, गाळात रुतली, आणि १९८२मध्ये तिचा सांगाडा वर काढला. प्राणवायू नसलेल्या गाळात खलाशांच्या लाकडी ताटल्या-वाडगी टिकली होती. साधी, काहींवर मालकाने चाकूने ओढलेल्या खुणा. ती कुणीही जपायची म्हणून जपलेली नव्हती, म्हणूनच मला ती १६६७च्या चमच्यापेक्षा जास्त मोलाची वाटतात.

माझं काम लाकडाच्या शरीररचनेवर आहे. पहिल्या प्रकरणाच्या मसुद्यात मी जुन्या घरगुती वस्तूंमध्ये कोणती झाडं सापडली याचा तक्ता केला होता, आणि जिथे रकाना रिकामा तिथे बिनधास्त ‘वापर नाही’ लिहिलं होतं. हे चमचे वाचून झाल्यावर तो तक्ता परत उघडला. सोळा ठिकाणी खोडून ‘नमुना नाही’ असं केलं. त्यातल्या चार झाडांची लाकडं गावातले सुतार आजही पळ्या-उलथण्यांसाठी वापरतात.