चंदी कोणी खाल्ली?

तोबरा ही मोठी सोयीची वस्तू. जाड कापडाची किंवा चामड्याची पिशवी, तिच्यात दाणा घालायचा, घोड्याचं तोंड आत जाईल अशी ती चढवायची आणि बंद कानांमागून घ्यायचा. दाणा जमिनीवर सांडत नाही, शेजारच्या घोड्याला त्यात तोंड घालता येत नाही. अडचण एवढीच, की एकदा तोबरा चढला की आत शेरभर दाणा आहे की अर्धा शेर, हे बाहेर उभ्या असलेल्या मालकाला दिसत नाही. कुडुम कुडुम आवाज दोन्ही वेळा सारखाच येतो. खरा हिशेब ठाऊक असतो तो दोघांनाच, आणि त्यातल्या एकाला बोलता येत नाही.

घोड्याच्या या दाण्याला मराठीत चंदी म्हणतात. गवताला वैरण, दाण्याला चंदी. ‘चंदी चारणे’ म्हणजे लाच देणे, हा अर्थ पागेतून कचेरीत कधी शिरला ते असो, पण तो उगाच शिरला नसावा. पागेतले शब्द असे लांबलांबच्या मजला मारतात. जुन्या मराठीत घोड्याची निगा राखणाऱ्या नोकराला खासदार म्हणत. आता तो शब्द दिल्लीला असतो.

अनेकांचे घोडे एका छपराखाली आले, की दाण्याच्या चोरीचा प्रश्न आलाच. आपल्या दारात एकच घोडा बांधलेला असेल, तर घरातलं कोणी ना कोणी त्याच्याकडे बघतं. शंभर घोड्यांच्या पागेत प्रत्येक घोडा ‘कोणाचा तरी’ असतो आणि कोठार सगळ्यांचं असतं. कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्रा’त अश्वाध्यक्षाचं सबंध प्रकरण आहे. घोड्याचं वय, रंग, खुणा, जात, कुठून आला, सगळं लिहून ठेवायचं. उत्तम घोड्याला किती धान्य, किती स्नेह म्हणजे तेलतूप, किती मीठ, त्याचं माप ठरलेलं आणि मध्यम व कनिष्ठ घोड्याला त्याहून पाव पाव कमी. घोड्याची निगा राखणाऱ्याने महिन्याची सामग्री कोशातून आणि कोठारातून एकदम उचलायची. कौटिल्यासारख्या संशयी माणसाने महिनाभराचा माल एका माणसाच्या हाती सोपवावा याचं नवल वाटतं. पण याच ग्रंथात सरकारी धन खाण्याचे ४० प्रकार मोजलेले आहेत, म्हणजे तो गाफील नव्हता.

मोगलांनी याच्यावर वेगळा तोडगा काढला. अबुल फज्लच्या ‘ऐन-इ-अकबरी’त शाही तबेल्याचा पसारा वाचताना दम लागतो. दारोगा, मुश्रीफ म्हणजे हिशेबनीस, साईस म्हणजे घोडा सांभाळणारा, नालबंद, पाणक्या, झाडूवाला आणि शिवाय घोड्यांची दृष्ट काढायला धुरी देणारा एक स्वतंत्र माणूस. अकबराच्या कारभाऱ्यांनी दाण्याच्या मापाइतकंच जनावराच्या अंगाकडे लक्ष दिलं. जनावर किती भरलेलं, किती उतरलेलं याच्या पायऱ्या ठरवल्या आणि ते रोडावलं तर सांभाळणाऱ्यांच्या पगाराला कात्री. ही युक्ती वरवर दिसते त्यापेक्षा हुशारीची आहे. कागद खोटा लिहिता येतो, मापात अंगठा घालता येतो; बरगड्यांना मात्र खोटं बोलायला शिकवता येत नाही.

मराठ्यांच्या पागेचं वर्णन कृष्णाजी अनंत सभासदाच्या बखरीत आहे, आणि ते एखाद्या वाण्याच्या वहीसारखं नेमकं आहे. पंचवीस बारगीरांवर एक हवालदार, पाच हवाल्यांचा एक जुमला. दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी पाण्याला आणि एक नालबंद. पावसाळ्यात लष्कर छावणीला परत यायचं, त्याआधीच दाणा, वैरण, औषधं आणि घोड्यांना गवताने शाकारलेली छपरं तयार असायची. दसऱ्याला स्वारी निघाली की प्रत्येकाच्या चीजवस्तूची यादी व्हायची आणि परतल्यावर तिच्याशी पडताळा. जाताना काय होतं आणि येताना काय आहे, एवढाच प्रश्न.

तरीही गोष्टी सुटायच्याच. त्याचा सगळ्यात जिवंत पुरावा म्हणजे चिपळूण तालुक्यातल्या हलवर्ण इथल्या पागेच्या जुमलेदार, हवालदार आणि कारकुनांना शिवाजी महाराजांनी पाठवलेलं पत्र. राज्याभिषेकाच्या सुमाराचं हे पत्र रयतेला त्रास देऊ नका या ताकिदीसाठी नेहमी आठवलं जातं. मुळात ते वैरणीविषयी आहे, हे त्या गौरवात विसरायला होतं. झालं होतं असं, की पागेच्या पावसाळ्यासाठी जमवलेला साठा चिपळुणात उतरलेल्या लष्कराने फस्त केला. मग कारकुनांनी इकडून तिकडून, गडावरचा माल काढून, नवा साठा केला. आता तो पाहून, आहे तोवर चारा आणि मग बघू, अशा हिशेबाने वागलात, तर ऐन पावसात काही मिळणार नाही. घोडी मरतील, आणि ती तुम्हीच मारल्यासारखं होईल, असं महाराजांचं बोलणं आहे. त्यापुढची पायरीही त्यांना दिसत होती. पागेतला दाणा संपला की हात कुणब्याच्या घराकडे वळतो. कोणी दाणे, कोणी भाकर, कोणी गवत, कोणी लाकूडफाटा आणणार. मग रयत म्हणणार, याहून मोगल बरे.

पत्रात उंदरापर्यंतचा विचार आहे. रात्री दिवा तसाच ठेवून झोपलात, जळती वात उंदराने ओढून नेली आणि गंजी पेटली, तर वैरणीची काडीही शिल्लक राहणार नाही. मग कारकुनांना कितीही शिक्षा केली तरी काडी परत येत नाही. पागेच्या कोठाराचे शत्रू किती होते याची ही यादीच आहे: उधळा हात, चिलमीची ठिणगी, उंदीर. चोराचं नाव त्यात निराळं घेतलेलं नाही. मोजून न देणं आणि मोजून पळवणं, घोड्याच्या पोटाला दोन्ही सारखंच.

बारगीराचा घोडा सरकारी, शिलेदाराचा स्वतःचा. दाण्याच्या चोरीवर शिलेदारी हाच खरा उपाय, असं वरवर वाटतं. आपल्याच घोड्याची चंदी कोण चोरेल? इंग्रजांनी आपल्या हिंदी घोडदळात हीच पद्धत उचलली. १८१७ मध्ये उभ्या राहिलेल्या पूना हॉर्ससारख्या पलटणी शिलेदारी तत्त्वावर चालत. घोडा स्वाराचा, त्याचं खाणं स्वाराच्या पगारातून आणि दोन स्वारांमागे एक तट्टू व एक घसियारा, रोज गवत कापून आणायला. सरकारचं कोठार नाही, त्यामुळे कोठारातली चोरीही नाही. पण दुखणं एका जागचं उठून दुसरीकडे गेलं. घोडा हीच ज्याची पुंजी, तो स्वार लढाईत तिला जपणारच. शिलेदार घोडं पुढे घालायला कचरतो, ही तक्रार मराठेशाहीतही होती. शिवाय समुद्रापार महिनोन् महिने लढायचं असेल, तर स्वाराने स्वतःचा दाणा आणायचा कुठून? पहिल्या महायुद्धात ही पद्धत पार उघडी पडली आणि युद्धानंतर लवकरच ती मोडीत निघाली.

या सगळ्या हिशेबांतून एक गोष्ट निसटते. दख्खनचा घोडा खायचा हरभरा नाहीतर हुलगे. मोतद्दाराच्या, म्हणजे साईसाच्या, घरातही हरभऱ्याची डाळ शिजायची आणि हुलग्याचं माडगं व्हायचं. म्हणजे घोड्याच्या तोबऱ्यातला दाणा आणि मोतद्दाराच्या चुलीवरचा दाणा एकच. मूठभर हरभरा धोतराच्या सोग्यात बांधून नेला, की तो संध्याकाळी पोरांच्या पोटात गेलेला असायचा. तो विकायला बाजारात जावं लागत नसे आणि मागे पुरावाही राहत नसे. साहेबलोकांच्या आठवणींत हरभरा खाणाऱ्या घोडेवाल्याची थट्टा जागोजाग भेटते. साताऱ्यात १८५१ मध्ये जन्मलेला आणि मुंबई इलाख्यात मिठाच्या व जकातीच्या खात्यात नोकरी केलेला एडवर्ड हॅमिल्टन एटकिन हा बारीक नजरेचा लेखक. १८८९ च्या ‘बिहाइंड द बंगलो’ या पुस्तकात त्याने घोडेवाल्यावर सबंध प्रकरण लिहिलं. बंगल्याबंगल्यांतून रूढ झालेला उपाय साधा होता: घोड्याला दाणा द्यायचा तो व्हरांड्यासमोर, साहेबाच्या डोळ्यांदेखत. साहेब चहा पिणार, घोडा चंदी खाणार आणि घोडेवाला दोघांकडे बघत उभा राहणार. त्याने सकाळी काय खाल्लं, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नसे.

इंग्लंडात चित्र उलटं होतं. तिथला घोडा ओट खायचा, आणि दक्षिण इंग्लंडातला साईस ओट खाणं कमीपणाचं मानायचा. ते स्कॉटलंडच्या माणसांचं खाणं, असा टोला डॉ. जॉन्सनने १७५५ च्या आपल्या कोशात मारूनच ठेवला होता. म्हणजे चोरलेला ओट विकायचा, नाहीतर दुसऱ्या जनावरांना घालायचा. तिथे चोरी पोटासाठी नव्हती, जोडधंद्यासाठी होती. वाटेवरच्या सरायांत प्रवासी वर जेवायला बसे आणि त्याचा घोडा खाली तबेलवाल्याच्या हवाली. या तबेलवाल्याला इंग्रजीत ऑस्लर म्हणत, आणि फ्रान्सिस ग्रोजने १७८५ च्या आपल्या चावट कोशात या शब्दाची फोड ‘ओट चोरणारा’ अशी देऊन टाकली. व्युत्पत्ती खोटी, पण गिऱ्हाइकांना पटणारी. घोड्याच्या दातांना चरबी चोळायची, म्हणजे तो चाऱ्याला तोंड लावत नाही आणि पैसे भरूनही दाणा तसाच राहतो, ही या लोकांची जुनी करामत. शेक्सपियरच्या ‘किंग लिअर’मधला विदूषक गवताला लोणी लावणाऱ्या एका दयाळू माणसाचा उल्लेख करतो. प्रेक्षकांत तबेल्यांचा अनुभव असलेले जे होते, त्यांना तो विनोद समजावून सांगावा लागला नसणार.

पुढे शहरांत दुसऱ्याचे घोडे पैसे घेऊन सांभाळणारे तबेले निघाले. त्यांना लिव्हरी स्टेबल म्हणत. लिव्हरी या शब्दाचा एक जुना अर्थ घोड्याला ठरवून दिलेला दाणा असाच आहे. म्हणजे धंद्याचं नावच चंदीवरून पडलं.

१८७७ मध्ये अ‍ॅना स्यूएलची ‘ब्लॅक ब्यूटी’ ही कादंबरी आली. तिच्यात घोडाच आपली कहाणी सांगतो, आणि म्हणून तोबऱ्यातला हिशेब खाणाऱ्याच्याच तोंडून बाहेर येतो. बाथ शहरात एक व्यापारी डॉक्टरांच्या सल्ल्यावरून घोडा घेतो, घराजवळ भाड्याने तबेला घेतो, फिल्चर नावाचा साईस ठेवतो आणि उत्तम ओट, गवत मागवतो. काही दिवस ठीक जातात. मग ओटमध्ये कोंडा मिसळू लागतो, ओट कमी कमी होत जातो. घोड्याचं पोट गवताने आणि कोंड्याने भरलेलं असतं. फक्त तो थकतो, घामाघूम होतो. दाण्याची चोरी लपते ती अशी. भरलेल्या पोटामुळे मालक फसतो. त्याला ते कळत नाही. कळतं ते त्याच्या एका शेतकरी मित्राला. तो घोड्याच्या अंगावरून हात फिरवतो आणि मालकाला म्हणतो, याच्या वाट्याचं दुसरं कोणी खातंय, तबेल्यावर नजर ठेव. पहाटे सहाला साईसचा लहान पोरगा झाकणाची टोपली घेऊन येतो, ओट भरून घेऊन जातो. त्याची आई विकायला ससे आणि कोंबड्या पाळते. पोलीस दबा धरून त्याला पकडतात. पोरगा सुटतो, बापाला दोन महिन्यांची कैद होते.

दुसरा साईस येतो. हा ओटला हात लावत नाही. दिसायला देखणा, बोलायला गोड, साजाच्या खोलीत छोटा आरसा. घोड्याला थोपटणार, धनी बघत असेल तर आयाळही विंचरणार. दाण्याचा हिशेब चोख. फक्त खालचं ओलं गवत तो काढत नाही, त्या घाणीत उभं राहून घोड्याचे खूर सडतात, आणि एक दिवस घोडा रस्त्यात ठेचकाळू लागतो. व्यापारी घोड्याला नालबंदाकडे नेतो आणि खूर बरे झाल्यावर विकून टाकतो. यापुढे घोडा पाळायचा नाही, लागेल तेव्हा भाड्याने घ्यायचा, असं तो ठरवतो.