घंटा, घटिका आणि दिनक्रम

नवे वर्ष उजाडले की अनेक घरांत एक कागद भिंतीवर चिकटविला जातो. पहाटे पाचला उठणे, सहाला प्रार्थना, सातला अभ्यास... फेब्रुवारी उजाडेपर्यंत त्या कागदाचे कोपरे गळून पडतात आणि आपण स्वतःलाच दूषण देतो. वेळापत्रक आपल्याला का पेलवत नाही? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी वेळापत्रकाच्या जन्मकथेकडे वळणे उपयुक्त ठरेल.

ही कथा एका मठात सुरू होते. इटलीतील नर्सिया येथे सुमारे 480 साली जन्मलेल्या संत बेनेडिक्ट यांनी 529च्या सुमारास माँते कासिनो येथे मठ स्थापन केला आणि आपल्या बांधवांसाठी 73 प्रकरणांची नियमावली लिहिली. आळस हा आत्म्याचा वैरी आहे, या जाणिवेने त्यांनी दिवसाची विभागणी केली. प्रार्थनेला ठरलेला समय, हातांच्या श्रमाला ठरलेला समय, पवित्र वाचनाला ठरलेला समय. स्तोत्र 119मधील दिवसातून सात वेळा स्तवन करण्याच्या वचनाला अनुसरून त्यांनी दिवसाच्या सात प्रार्थना नेमल्या आणि रात्रीची प्रार्थना निराळी ठेवली. आठवड्याभरात दीडशेही स्तोत्रे गाइली जावीत, अशी त्यांची योजना होती.

परंतु ही नियमावली कठोर असली तरी निष्ठुर नव्हती. त्या काळी सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतच्या काळाचे बारा समान भाग करीत; त्यामुळे उन्हाळ्यातील तास लांब, तर हिवाळ्यातील तास आखूड असे. बेनेडिक्टांनीही उन्हाळा, हिवाळा आणि प्रायश्चित्तकाळ यांचे निरनिराळे वेळापत्रक आखले. उन्हाळ्यात दुपारच्या विश्रांतीला जागा ठेवली. हिवाळ्यात मध्यरात्र उलटून गेल्यावरच उठावे, म्हणजे झोप पुरी होईल, असे सांगितले. पहाटेचे पहिले स्तोत्र सावकाश म्हणावे, म्हणजे उशिरा येणाऱ्यालाही पोहोचता येईल, अशीही तरतूद केली. माणसाच्या दुबळेपणाची जाण या बारीकसारीक तपशिलांतून दिसते.

त्यांच्या दोन सूचना तर आजही मोलाच्या आहेत. पहिली अशी की, प्रार्थनेची खूण ऐकू येताच हातातले काम तसेच सोडून निघावे. आपले वेळापत्रक बहुधा काम सुरू करण्यासाठी असते. काम थांबविण्याची शिस्त मात्र त्यात नसते. दुसरी अशी की, मठात पाहुणा आला तर त्याच्या रूपाने प्रभूच आला असे मानावे. त्याच्यासोबत भोजन करता यावे म्हणून, विशेष उपवासाचा दिवस नसेल तर, वरिष्ठाने आपला उपवासही मोडावा. म्हणजे वेळापत्रक मोडण्याचे कारणही नियमातच लिहिलेले होते, आणि ते कारण होते प्रेम.

वेळ कळविण्याचे मठातील साधन म्हणजे घंटा. इंग्रजीतील ‘क्लॉक’ हा शब्दही घंटेच्या लॅटिन नावावरूनच आला. तेराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात यांत्रिक घड्याळे आली. इंग्लंडमधील सॉल्सबरी कॅथेड्रलचे जुने घड्याळ 1386 सालचे मानले जाते; त्याला तबकडी नाही, ते केवळ ठोके देते. आपल्याकडे छिद्र असलेले पात्र पाण्यावर ठेवून 24 मिनिटांची घटिका मोजीत. वसईकडील ख्रिस्ती घरांची दिनचर्या मात्र पिढ्यान्पिढ्या चर्चच्या सकाळ, दुपार आणि सायंकाळच्या घंटेशी बांधलेली होती. 1739च्या वसई मोहिमेनंतर मराठ्यांनी नेलेल्या काही घंटा नाशिकच्या नारोशंकर मंदिरासारख्या ठिकाणी आजही आहेत.

मठातील हा क्रम घरापर्यंत कसा पोहोचला? संत इग्नेशियस यांच्या 1548 साली छापल्या गेलेल्या ‘आध्यात्मिक साधना’ या ग्रंथात आठवड्याच्या प्रत्येक दिवसासाठी रेघा आखून आपल्या चुकांचे ठिपके मांडण्याची पद्धत आहे. पुढे अमेरिकेतील फिलाडेल्फियाचा मुद्रक बेंजामिन फ्रँकलिन याने अशाच प्रकारची वही केली. पाचला उठणे, आठपासून काम, दुपारी वाचन, हिशेब व भोजन, सायंकाळी वस्तू जागच्या जागी ठेवणे, संगीत, संभाषण आणि दहाला झोप. आज कोणते सत्कृत्य करू, हा प्रश्न सकाळी. ते केले का, हा प्रश्न रात्री. मात्र आपल्या तेरा सद्‌गुणांपैकी ‘व्यवस्थितपणा’ हाच आपल्याला सर्वांत अवघड गेला, अशी कबुली त्याने आत्मचरित्रात दिली. व्यवसायामुळे त्याला लोकांच्या सोयीने त्यांना भेटावे लागे आणि आखलेले तास कोलमडत. तरीही या प्रयत्नाने आपण अधिक चांगले आणि सुखी झालो, असे त्याने नमूद केले.

आपल्या घरातील आईची स्थिती याहून वेगळी कुठे आहे? आजारी मूल, दारी आलेला शेजारी, अवेळी आलेले पाहुणे यांना कोणत्या रकान्यात बसवायचे? फ्रँकलिन एकट्याने आपल्या वहीशी झगडला. मठवासियांना मात्र सोबत होती. पहाटे उठताना झोपाळू बांधवाला इतरांनी हळुवारपणे जागे करावे, असे नियमच सांगतो.

म्हणून पुढच्या वेळी तो कागद एकट्याने लिहू नये. रात्रीच्या कौटुंबिक प्रार्थनेनंतर सर्वांनी मिळून लिहावा. त्यात थोडी ठिकाणे पक्की असावीत: प्रार्थना, एकत्र जेवण, वाचन, झोप. उरलेली जागा पाहुण्यासाठी मोकळी असावी. आणि एखादा दिवस चुकला तर कागद फाडू नये. दुसऱ्या दिवशी सकाळची घंटा पुन्हा वाजणारच आहे.