सुई ओवून दे गं! गोधडी, शिलाई मशीन आणि आईकडून लेकीकडे आलेला दोरा

(पॉडकास्टच्या भागाचं हे लिखित रूप. बोलण्याची भाषा बरीचशी तशीच ठेवली आहे.)

इअरफोन लावून लोकलमध्ये उभे असाल, नाहीतर रात्री अंथरुणावर पडून ऐकत असाल. अंथरुणावर असाल तर एक काम करा. अंगावर काय घेतलंय ते बघा. ब्लँकेट, कम्फर्टर की गोधडी? गोधडी असेल तर आजचा इतिहास तुमच्या अंगावरच आहे.

इतिहास म्हटलं की आपल्याला किल्ले, लढाया, सनावळ्या आठवतात. आज या सगळ्यापेक्षा लहान एक वस्तू घेऊ : सुई. आणि एक प्रश्न घेऊ. आजच्या काळात आईने मुलीला शिवण शिकवावं का? प्रश्न साधा वाटतो, पण गेली सव्वाशे-दीडशे वर्षं महाराष्ट्रात त्यावर वाद चालू आहे. आणि माझ्या घरात तो सध्या रोज संध्याकाळी होतो. त्याकडे येऊच.

गोधडी म्हणजे नक्की काय?

नावं बरीच आहेत. कुठे गोधडी, कुठे वाकळ, कुठे लेपाटं. बाळाची छोटी असली की दुपटं. संस्कृतात जुना शब्द आहे कंथा, आणि बंगालमधलं कांथा भरतकाम त्याच शब्दाशी नातं सांगतं. रचना सगळीकडे साधारण सारखीच : खाली एक कापड, वर एक कापड, मध्ये जुन्या कपड्यांचे थर. आणि हे सगळं धरून ठेवणारा टाका म्हणजे धावदोरा. सुई खाली, सुई वर. शिवणातला सगळ्यात सोपा टाका.

आता थोडं विज्ञान. ऊब मुळात कापडाची नसते, ती थरांमध्ये अडकलेल्या हवेची असते. थर सैल राहिले तर सरकतात, गोळा होतात. फार घट्ट शिवले तर हवा निघून जाते आणि गोधडी पुठ्ठ्यासारखी कडक होते. म्हणून ओळींमधलं अंतर महत्त्वाचं. हे कुणी पुस्तकात वाचून शिकलं नाही. बोटांना कळलं आणि बोटांकडून पुढच्या बोटांकडे गेलं.

गोधडीसाठी जुनंच कापड का? गरिबी हे एक कारण, पण एवढंच नाही. सुती नऊवारी वर्षानुवर्षं धुवून मऊ पडते, घाम टिपते, सुई तिच्यातून सहज जाते. नवं कोरं खळ घातलेलं कापड बोटांना छळतं. आणि नऊवारीचा आकार बघा, जवळजवळ सव्वाआठ मीटर! विरली तरी काठापदराजवळचा भाग शाबूत असतो. तो गोधडीच्या वरच्या बाजूला यायचा, विरलेला भाग पोटात जायचा.

कोकणात हे काम भात कापून झाल्यावर, नाहीतर पावसाळ्याआधीच्या बेगमीत व्हायचं. घटस्थापनेआधी घरातल्या गोधड्या नदीवर, ओढ्यावर धुवायला न्यायच्या. भिजलेली गोधडी एकटीने उचलून दाखवा! दोन टोकांना दोघी लागतात. म्हणजे धुण्यासाठीही सोबत हवीच.

पनवेल आणि कापडाची वाट

मी बोलतेय पनवेलहून. आज पनवेल म्हणजे एक्सप्रेस-वे, टॉवर आणि शेजारचा नवा विमानतळ. पण रेल्वे येण्याआधी मुंबईहून पुण्याला जाणारा माणूस होडीने खाडी ओलांडून पनवेलला उतरायचा. पुढे बोरघाट. घाटातला गाडीरस्ता 1830 मध्ये खुला झाला. 1852 मध्ये पनवेलला नगरपालिका आली, राज्यातल्या अगदी जुन्या नगरपालिकांपैकी ही एक. दोनच वर्षांनी, 1854 मध्ये, कावसजी दावर यांनी मुंबईत पहिली सूतगिरणी उभारायला घेतली. 1863 मध्ये रेल्वे बोरघाट चढून गेली ती कर्जतमार्गे, आणि पनवेलची जुनी वाहतूक ओसरू लागली.

हे सगळं गोधडीच्या गोष्टीत कशाला? कारण गोधडी हा कापडाच्या प्रवासाचा शेवटचा मुक्काम आहे. हातमागाचं महाग कापड असताना घरात चिंध्या तरी किती निघणार? गिरण्या आल्या, कापड स्वस्त झालं, कोकणातली माणसं गिरण्यांत कामाला गेली. मुंबईत विणलेलं लुगडं गावाकडे यायचं, अंगावर झिजायचं आणि मग गोधडी व्हायचं. 1982 चा गिरणी संप आपण कामगार इतिहासात वाचतो. पण जुनी गोधडी उसवून बघितली तर त्याच गिरण्यांचं कापड पोटात सापडायची शक्यता बरीच आहे.

पुढे सिंथेटिक साड्या आल्या. धुवायला सोप्या, इस्त्रीची कटकट नाही. पण पॉलिस्टरचे थर एकमेकांवर घसरतात, घाम टिपत नाहीत. रोजच्या वापरातून सुती साडी गेली आणि गोधडीचा कच्चा माल गेला. सलवार-कमीज आणि जीन्स आल्यावर तर साडीच कपाटात गेली. बायका आळशी झाल्या म्हणून गोधड्या बंद पडल्या, असं कुणी म्हणालं तर त्यांना हे सांगा.

शिंपी आणि आजी

आता एक गंमत बघा. संत नामदेव शिंपी होते. सुई-दोरा, कातर, गज ही त्यांच्या घरची हत्यारं. म्हणजे महाराष्ट्राला शिवणकामाचा मान नाही असं नाही. पण बाजारातलं शिवणकाम शतकानुशतकं पुरुषांच्या हातात होतं. दुकान त्याचं, माप तो घेणार, पैसेही तोच घेणार. घरातली गोधडी मात्र बायकांची, आणि ती 'फावल्या वेळातली'. सुई तीच, दोरा तोच. एकाचं काम झालं धंदा, दुसरीचं झालं विरंगुळा. या फरकातूनच पुढचा सगळा वाद निघतो.

1884 मध्ये पुण्यात मुलींचं हायस्कूल सुरू झालं, तेच आपलं हुजूरपागा. तिथे मुलींना काय शिकवायचं यावर रणकंदन माजलं. 1887 मध्ये टिळकांच्या 'मराठा' पत्रातून मांडणी झाली ती साधारण अशी : मुलींना इंग्रजी वगैरे कशाला? मातृभाषा, नीतिशिक्षण आणि शिवणकाम पुरे. बघा, शिवणकाम यादीत आहे! पण कशासाठी? मुलगी घराच्या चौकटीत राहावी म्हणून.

आणि आता दुसरी बाजू. पंडिता रमाबाईंनी 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातून आलेल्या, विधवा, टाकलेल्या बायका-मुलींना अक्षरओळखीबरोबर हाताचं कामही मिळालं, शिवण त्यातलंच. रमाबाई रानड्यांनी 1909 मध्ये पुण्यात सेवासदन उभं केलं, तिथेही शिवणाचे वर्ग चालले. म्हणजे तोच विषय, पण हेतू उलटा : बाईला स्वतःचे चार पैसे मिळावेत, तिने कुणाच्या दारात उभं राहू नये.

सुई एकच. एका हातात ती कुंपण होती, दुसऱ्या हातात दाराची किल्ली. फरक कुठे पडला? शिवण हा एकमेव रस्ता होता, की अनेकांपैकी एक, इथे.

मशीन घरात येतं

अमेरिकेत आयझॅक सिंगरने 1851 मध्ये शिलाई मशीनचं पेटंट घेतलं. मशीन महाग होतं, म्हणून कंपनीने हप्त्यांवर विकायला सुरुवात केली. आज आपण फोनचे ईएमआय भरतो ना, त्याचा हा एक जुना पूर्वज! एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत सिंगर भारतात आलं आणि शिंप्यांच्या ओट्यांवर जाऊन बसलं. यंत्रांवर टीका करणाऱ्या गांधीजींनीही 1924 मध्ये एका संवादात सिंगरच्या मशीनला अपवाद मानलं. माणसाला निकामी करणारं यंत्र वेगळं आणि त्याचे कष्ट हलके करणारं वेगळं, असा त्यांचा मुद्दा होता.

मग 1930 च्या दशकात कोलकात्याच्या जय इंजिनिअरिंगने भारतीय मशीन बनवलं. नाव ठेवलं उषा. ते बनवणारे बिशनदास बसिल यांच्या मुलीचं नाव उषा होतं, तिच्यावरून. तुमच्या आजीच्या घरी कोपऱ्यात झाकण घातलेलं जे काळं-सोनेरी पायमशीन आहे, त्यावर एका बापाने लेकीचं नाव कोरलंय असं समजा.

या मशीनने घरातलं चित्र बदललं. ब्लाउज, फॉल-पिको, परकर, शाळेचे गणवेश. दुकान भाड्याने घ्यायला नको, नवऱ्याची परवानगी मागत बाहेर पडायला नको. पुढच्या खोलीत मशीन आणि दाराला पाटी. पनवेलच्या जुन्या आळ्यांत आणि आजूबाजूच्या गावांत अशा पाट्या आजही दिसतात. कितीतरी मुलींच्या कॉलेजच्या फिया या पायट्यावर भरल्या गेल्या आहेत, आणि हे कुठल्याही पुस्तकात लिहिलेलं नाही.

आमच्या घरातला वाद

आता घरचं सांगते. माझी मुलगी आठ वर्षांची आहे. जुन्या ओढणीचे तुकडे घेऊन बसते आणि म्हणते, "आई, मला पण शिकव ना." मला आनंद होतो. पण माझ्या आईचा चेहरा पडतो. दहावीनंतर आईला पुढे शिकायचं होतं, तिला शिवणक्लासला घातलं गेलं. भाऊ कॉलेजला गेला. त्या क्लासच्या जोरावर तिने आम्हाला वाढवलं हे खरं, पण ती म्हणते, "मी शिवलं ते दुसरं काही करू दिलं नाही म्हणून. तू हिला कशाला यात ओढतेस?"

मी यावर बराच विचार केला. आईचं म्हणणं चूक नाही. 1887 ची ती यादी तिच्या वाट्याला 1970 च्या दशकात आली, इतकंच. पण लेकीला सुई न देणं हा त्यावरचा उपाय आहे का? उपाय हा की सुईबरोबर बाकी सगळंही द्यायचं. आणि सुई फक्त मुलीलाच नाही द्यायची. माझा भाचा दहा वर्षांचा आहे, तोही आता बटण लावतो. पहिल्यांदा बटण शर्टाच्या दोन्ही बाजूंना एकत्र शिवून टाकलं, पण लावलं!

शेवटी मार्ग लेकीनेच काढला. आजीला आता जवळचं नीट दिसत नाही, सुईच्या नाकात दोरा जात नाही. एका संध्याकाळी आजीच्या तोंडून निघून गेलं, "सुई ओवून दे गं." लेकीने ओवून दिली आणि तिथेच बसून राहिली. मंडळी, घरोघरी मुली शिवणात शिरल्या त्या याच दारातून. म्हातारे डोळे आणि कोवळे डोळे यांची ही भागीदारी फार जुनी आहे.

सध्या दोघी मिळून बाहुलीची गोधडी करताहेत. तुम्हाला लहान मुलांबरोबर करायची असेल तर आजीचे नियम सांगते. पहिला, दोरा हातभरच घ्यायचा. लांब घेतला की गुंता होतो. दुसरा, सुई मोठ्या नाकाची, बोथट टोकाची, आणि कापड सैल विणीचं. तिसरा, आधी कच्चा दोरा घालून थर पकडायचे, मग धावदोरा. चौथा, टाके वाकडे गेले तर लगेच उसवायचे नाहीत. आजी म्हणते, "राहू दे. पुढच्या ओळीत सरळ येतील." खरंच येतात.

गोधडीवर नाव कुणाचं?

जाता जाता जगात एक चक्कर मारू. कर्नाटकात उत्तर कन्नड जिल्ह्यात सिद्दी समाजाच्या बायका कवंदी शिवतात, आपल्या गोधडीची सख्खी बहीण. चारही कोपऱ्यांवर त्या कापडाच्या त्रिकोणी घड्या लावतात, त्यांना फुला म्हणतात. फुला नसली तर कवंदी पूर्ण झाली असं त्या मानत नाहीत.

आणि अमेरिकेत अलाबामामध्ये जीज् बेंड नावाची वस्ती आहे. गुलामगिरीतून आलेल्या कृष्णवर्णीय कुटुंबांची. तिथल्या बायकांनी शेतात वापरून विटलेल्या कपड्यांच्या गोधड्या शिवल्या, आईने लेकीला शिकवलं, लेकीने तिच्या लेकीला. 2002 मध्ये त्या गोधड्या न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाच्या भिंतीवर लागल्या. 2006 मध्ये त्यांची टपाल तिकिटं निघाली. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे प्रत्येक गोधडीखाली शिवणारीचं नाव होतं.

आपल्याकडे? लाखो गोधड्या शिवल्या गेल्या असतील, आणि एकीवरही नाव नाही. पणजीने शिवलेली गोधडी कुठली, हे सांगणारं माणूस गेलं की गोधडीसुद्धा अनोळखी होते. मग ती पोछा होते.

म्हणून या आठवड्याचा गृहपाठ. घरात जुनी गोधडी असेल तर आजीला, आईला विचारा : ही कुणी शिवली, कधी शिवली, यातली ही साडी कुणाची? फोनमध्ये रेकॉर्ड करून ठेवा. फोटो काढा. आणि मग एक छोटासा सुती तुकडा घ्या, त्यावर नाव आणि साल धावदोऱ्याने शिवा आणि गोधडीच्या मागच्या कोपऱ्यात लावा. अक्षर वाकडं आलं तरी चालेल.

बाहुलीच्या गोधडीवर आमच्याकडे दोन नावं येणार आहेत. कुणाचं आधी, यावर आजी-नातीचं भांडण अजून मिटलेलं नाही.

तुमच्या घरच्या गोधडीची गोष्ट आम्हाला व्हॉइस मेसेजवर जरूर पाठवा. पुढच्या भागात भेटू. तोवर काळजी घ्या, आणि थंडी वाजली तर गोधडी ओढून घ्या!