विसाव्या आठवड्याची रेघ

गरोदर बाईची पाचव्या महिन्याची सोनोग्राफी चुकवू नका, असं आशाताई सांगतात. ‘पोट दिसतंय, बाळ हलतंय, मग पैसे कशाला?’ हे उत्तर आपल्या गटांच्या बैठकीत मी बऱ्याचदा ऐकलंय. त्या महिन्यामागे एक इतिहास आहे.

गर्भपाताचा कायदा १९७१ साली झाला. त्यात रेघ ओढली विसाव्या आठवड्यावर. त्यापुढे आईचा जीव धोक्यात असेल तरच परवानगी. तेव्हा पोटातल्या बाळाच्या हृदयाचे कप्पे कुणाला पाहता येत नव्हते. यंत्र नंतर आलं आणि पंचाईत झाली. हृदय तयार होतं पहिल्या तीन महिन्यांत, पण नीट दिसतं अठराव्या ते विसाव्या आठवड्यात. शंका आली तर पुढे हृदयाची खास सोनोग्राफी, दुसऱ्या डॉक्टरांचं मत. तोवर रेघ ओलांडलेली असते.

२००८ साली हेच मुंबई हायकोर्टात उभं राहिलं. भाईंदरच्या निकेता मेहता यांच्या बाळाच्या हृदयात गंभीर दोष आहे, हे चोविसाव्या आठवड्याच्या सुमारास कळलं. ठोक्यांचा मार्गच अडलेला. जन्मल्यावर पेसमेकर लागणार होता. त्या, त्यांचे पती आणि डॉ. निखिल दातार कोर्टात गेले. ४ ऑगस्टला कोर्टाने नकार दिला. कायदा बदलणं हे संसदेचं काम, आमचं नाही, असं कोर्टाचं म्हणणं. त्यानंतर काही दिवसांतच त्यांचा गर्भ आपोआप पडला. त्या महिन्यात पेपरांतून, टीव्हीवरून सगळा देश त्या बाईच्या पोटाविषयी बोलत होता. त्यातल्या कितीजणांना तिच्या जागी बसायची तयारी होती, असं आजही मनात येतं.

विरोध करणारे सगळेच निर्दय होते असं नाही. सोनोग्राफीचं नाव आपल्याकडे मुलींच्या जिवावर उठल्यामुळे खराब झालेलं. म्हणून तर महाराष्ट्राने १९८८ मध्ये देशात पहिला कायदा केला आणि १९९४ मध्ये तो देशभरासाठी झाला. पण त्या कायद्याने बंदी आहे ती लिंग सांगायला. बाळाचा दोष सांगायला नाही.

दोष सापडला म्हणजे गर्भपात, असंही नव्हे. उलट बरेच दोष बरे होतात, काही तर वेळेत कळले म्हणूनच. हृदयातून निघणाऱ्या दोन मोठ्या रक्तवाहिन्यांची अदलाबदल झालेली असते, तो दोष घ्या. पोटात असं बाळ छान वाढतं, कारण प्राणवायू आईकडून वारेतून मिळतो, फुप्फुसांचं काम नसतं. नाळ कापली की खरी परीक्षा. पोटात असताना त्या दोन वाहिन्यांना जोडणारी एक छोटी नळी असते. जन्मानंतर थोड्याच दिवसांत ती मिटते आणि बाळ निळं पडतं. ग्रहणात विळी हातात धरली म्हणून नव्हे! ती नळी उघडी ठेवायचं औषध आहे. वाहिन्या जागेवर बसवण्याची शस्त्रक्रिया ब्राझीलमध्ये १९७५ साली पहिल्यांदा यशस्वी झाली. आज ती भारतात होते. आधी माहीत असेल तर बाळंतपण शस्त्रक्रियेची सोय असलेल्या शहरात ठरवता येतं. मालवणात बाळ निळं पडल्यावर गाडी शोधत बांबोळी नाहीतर कोल्हापूर गाठणं, ही वेगळीच गोष्ट.

२०१७ साली कोलकात्याच्या एका बाईला, बाळाच्या हृदयात गंभीर दोष असल्यामुळे, सुप्रीम कोर्टाने सव्विसाव्या आठवड्यात परवानगी दिली. प्रत्येकीने कोर्टाची पायरी किती चढायची? २०२१ साली कायदा बदलला. आता बाळात गंभीर व्यंग असेल आणि सरकारी वैद्यकीय मंडळाने मान्य केलं, तर चोवीस आठवड्यांनंतरही गर्भपात करता येतो. निर्णय मात्र बाईचा. सासूचा नाही, नवऱ्याचाही नाही. आणि जिला बाळ हवंच आहे, तिच्यासाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. २०१३ साली आपल्याच राज्यात, पालघरला तो सुरू झाला. त्यात जन्मजात हृदयदोषाची तपासणी आणि उपचार मोफत.

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची मोफत तपासणी असते, तिथे सोनोग्राफीचं विचारा. आठवडे मोजायचे ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. कॅलेंडरवर त्या दिवसाला गोल करा, तिथून अठरा आठवडे पुढे मोजा आणि दुसरा गोल करा.