येरमाळ्याच्या तंबूत ‘ट्वेल्व्ह ओक्लॉक’

कुर्डुवाडीला तुम्ही बार्शी लाइट रेल्वेच्या छोट्या गाडीत बसता, येडशीला उतरता आणि पुढची वाट जत्रेला निघालेल्या एका बैलगाडीतून काढता. साल 1960, चैत्री पौर्णिमा. उस्मानाबाद जिल्हा अजून मुंबई राज्यात आहे, लातूरही याच जिल्ह्यात आहे, आणि महाराष्ट्र व्हायला तीन आठवडेसुद्धा उरलेले नाहीत. येरमाळ्याच्या डोंगरावर येडाई देवीच्या नावाचा उदो उदो चाललाय. आराधी बायांच्या हातात पोत पेटलेत. उद्या पालखी आमराईत येईल, माणसं चुनखडी वेचतील. आज रात्री मात्र खाली तंबूवरचा कर्णा ओ. पी. नय्यरच्या चालींनी सगळ्यांना बोलावतोय.

तिकीट काढा, वाकून आत शिरा. बसायचं जमिनीवरच. मधे कनात ताणलीय, अलीकडं पुरुष, पलीकडं बायका आणि लेकरं. तुमच्या शेजारी एक म्हातारा पारधी बसलाय. तो सरकून जागा देतो, “बसा पाव्हणं,” म्हणतो आणि गोडीशेवेचा पुडा पुढं करतो.

जनरेटर धडधडतो. मुंबईत 1958 साली लागलेला ‘ट्वेल्व्ह ओक्लॉक’ ओरखडे पडलेल्या रिळांतून पडद्यावर येतो. गुरुदत्त, वहिदा रहमान, रहमान, जॉनी वॉकर. छायाचित्रण ‘प्यासा’च्याच व्ही. के. मूर्तींचं. ‘प्यासा’ आदल्याच वर्षीचा, त्यामुळे ही नावं वाचतानाच तुम्ही सरसावून बसता. दिग्दर्शक प्रमोद चक्रवर्ती आहेत, हे लक्षात येईपर्यंत पाटी सरकलेलीही असते.

गोष्ट साधी. वहिदावर खुनाचा आळ, वकील गुरुदत्त, आणि दोघांचं एकमेकांवर प्रेम. शेजारचा म्हातारा तुमच्यापेक्षा लवकर गोष्टीत शिरतो. हा मुलूख निजामाच्या राज्यात असताना कचेरी आणि अदालत उर्दूत चालायची. मुजरिम, गवाह, जमानत हे शब्द त्याने सिनेमात नव्हे, चावडीवर ऐकलेत. पारध्यांच्या जन्मालाच गुन्हेगारीचा शिक्का मारणारा कायदा जाऊन आठ वर्षंसुद्धा झालेली नाहीत. 31 ऑगस्ट 1952 ला तो गेला. गावात चोरी झाली की पहिली धाड कुणाच्या पालावर पडते, हे त्याला कुणी सांगायला नको. आळ आलेल्या बाईची गोष्ट म्हटल्यावर तो मांडी आवळून बसतो.

पौर्णिमेचं चांदणं फटींतून आत येतं आणि मूर्तींचा काळोख राखाडी करून टाकतो. रीळ संपलं की दिवा लागतो, ऑपरेटर पुढचं रीळ चढवतो, तोवर बाहेरचं संबळ ऐकत राहायचं. पण चांदण्याला दोष देऊ नका. मुंबईच्या गच्च अंधाऱ्या थिएटरातही हा सिनेमा असाच फिका वाटला असता.

दुखणं पटकथेत आहे. बिली वायल्डरच्या ‘डबल इंडेम्निटी’त (1944) खून केलेला विमा एजंटच आपली कहाणी सांगतो. गुरुदत्तने स्वतः दिग्दर्शित केलेल्या ‘बाजी’तला (1951) देव आनंद आजारी बहिणीसाठी जुगाराच्या अड्ड्यावर राबतो आणि गुन्हेगारीच्या जाळ्यात ओढला जातो. तिथे काळोख माणसाच्या आतून येतो. इथे नायक पहिल्यापासून धुतल्या तांदळासारखा, नायिका निष्पाप, आणि ती निष्पाप आहे हे आपल्याला माहीत. सावल्या आहेत, पण त्या भिंतीवरच राहतात. भीतीची एक पकड बसते न बसते तोच गाणं येतं. गाणी गोड आहेत, गीता दत्तचा आवाज तर जीव ओवाळून टाकावा असा. जॉनी वॉकर आला की अख्खा तंबू हसतो, कनातीपलीकडून लेकरं ओरडतात. पण ज्या बाईच्या गळ्याशी फास आलाय, तिच्या मनात काय चाललंय हे सिनेमा थांबून विचारतच नाही. वहिदाचे डोळे सांगायला तयार आहेत. तेवढा वेळ तिला दिला असता तर! ‘प्यासा’त याच माणसांनी वहिदाच्याच गुलाबोसाठी तो वेळ काढला होता, म्हणूनच इतकं लागतं.

कोर्टाचा प्रसंग येतो. म्हातारा पुढं झुकतो. वकील बोलतो, खरा खुनी उघडा पडतो, बाई सुटते. तंबूत टाळ्या पडतात, शिट्ट्या वाजतात. म्हातारा टाळी वाजवत नाही.

“सुटली व्हय?” तो विचारतो.

“सुटली.”

“मंग गल्लीतल्या लोकांनी तिला घरात घेतलं का न्हाई?”

ते दाखवलेलं नाही, तुम्ही सांगता.

“मंग आपुन काय बघितलं?” तो पटका झटकतो आणि कनातीपलीकडं बायकोला हाक मारायला उठतो. दारात पुढच्या खेळाची गर्दी ढकलाढकल करतेय, आणि ऑपरेटर पहिलं रीळ परत गुंडाळायला लागलाय.